प्रिंट केलेल्या छोट्या पार्टचा सिलिकॉन मोल्ड आणि त्यातून कॉप्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रिंटर हाताशी असताना मोल्ड कशाला? सरळ प्रिंटच काढत राहिलो तर?

पाच-सहाच नग हवे असतील तर प्रिंटच काढा, मोल्डच्या भानगडीत पडू नका. मोल्ड परवडतो तो एकसारखे वीस-पंचवीस नग लागतात तेव्हा, किंवा प्रिंटरमधून निघत नाही असं मटेरियल हवं असतं तेव्हा, म्हणजे मऊ रबरी बटण, दिव्यावरचं पारदर्शक झाकण, आत धातूची पावडर घालून वजनदार केलेली मूठ वगैरे. शिवाय एफडीएम (वितळलेल्या फिलामेंटचे थर रचणाऱ्या प्रिंटरचा) प्रिंट थरांच्या दिशेत कमजोर असतो, जोर आला की थरावरच सुटतो, आणि मोल्डमध्ये रेझिन ओतून केलेला पार्ट सगळ्या दिशांनी सारखाच असतो, त्यामुळे क्लिप, नॉब, छोटे कंस यांना खरा फरक पडतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे घासकाम एकदाच. मास्टरवर मेहनत केली की पुढची प्रत्येक कॉपी गुळगुळीतच बाहेर येते, तीच मेहनत पंचवीस प्रिंटवर करून बघा म्हणजे कळेल.

(मास्टर म्हणजे तो मूळ प्रिंट ज्याच्यावरून मोल्ड घ्यायचा. पुढे हा शब्द सारखा येणार आहे.)

टिनवालं सिलिकॉन घेऊ की प्लॅटिनमवालं?

दोन्हीचं काम एकच, पण स्वभाव अगदी वेगळा. टिन क्युअर (टिनच्या उत्प्रेरकाने सेट होणारं) स्वस्त असतं, फारसे नखरे करत नाही, जवळपास कशावरही सेट होतं, पण सेट होताना त्यातून अल्कोहोल उडून जातं म्हणून ते थोडं आकसतं, साधारण अर्धा टक्का धरा, काहींत जास्तही, आणि मोल्ड नुसता कपाटात ठेवला तरी काही वर्षांत कडक होऊन फाटायला लागतो. प्लॅटिनम क्युअर जवळजवळ आकसतच नाही, ०.१ टक्का किंवा त्याहून कमी, मोल्ड वर्षानुवर्षं टिकतो, पण महाग, आणि काही पदार्थांना हात लावला की सेट व्हायलाच नकार देतं. ते कोणते पदार्थ ते खाली सविस्तर आहे.

माझं मत विचाराल तर पहिला मोल्ड टिनचा करा. हात बसतो, पैसे कमी जातात. पार्ट दुसऱ्या कशात तरी फिट बसवायचा असेल, म्हणजे माप महत्त्वाचं असेल, तर प्लॅटिनम.

शोअर ए १०, २०, ३० हे काय असतं?

सेट झाल्यावरचा कडकपणा. आकडा कमी तेवढं मऊ. १० वालं खूप ताणतं, खोल खाचांचे पार्ट सहज सुटतात, पण मोल्ड डुगडुगीत होतो आणि रबरबँडने बांधला की वाकतो, मग कॉपीही वाकडी. छोट्या पार्टना २० ते ३० मधलं काहीही चालतं. ४० घेतलंत तर अंडरकट (मोल्डमध्ये अडकणारी खाच) असलेला पार्ट काढताना बोटं दुखतील आणि बारीक कॉपी तुटेल.

मास्टर किती गुळगुळीत करायचा? थोड्या लाइनी राहिल्या तर चालतात ना?

तुम्हाला कॉपीवर चालत असतील तर चालतात. सिलिकॉन काहीही लपवत नाही, प्राइमरवर उमटलेला बोटाचा ठसा सुद्धा कॉपीवर वाचता येतो, मग ०.२ मिमीचे थर तर हमखास दिसणारच. मॅट मास्टरवरून मॅट कॉपी, चकचकीत मास्टरवरून चकचकीत कॉपी, इतकं ते प्रामाणिक असतं.

म्हणून मी नेहमी सांगतो की निम्म्याहून जास्त वेळ मास्टरवर घालवा, सिलिकॉनचा डबा सगळ्यात शेवटी उघडा. एफडीएमसाठी क्रम साधारण असा: आधी २२० चा पॉलिश पेपर, मग फिलर प्राइमरचे दोन हलके हात, वाळल्यावर ४००, परत प्राइमर, मग ८०० पाण्याबरोबर. प्राइमर मारल्यावर लाइट तिरपा धरून बघा, समोरून जे दिसत नाही ते तिरप्या उजेडात लगेच दिसतं, खड्डा दिसला तर पुट्टी भरा. शेवटी क्लिअर लॅकरचा एक पातळ हात. घासताना कडा गोल होतात तिकडे लक्ष ठेवा, खास करून अक्षरं कोरलेली असतील तर अक्षरांच्या आसपास पेपर बोटाने न दाबता सपाट पट्टीला चिकटवून घासा.

आणखी एक म्हणजे एफडीएम प्रिंट आतून पोकळ असतो, भिंतीत सुईच्या टोकाएवढी भोकं असतात. सिलिकॉन ओतल्यावर आतली हवा तिथून हळूहळू बाहेर येते आणि नेमकी पार्टच्या पृष्ठभागावर बुडबुडा बनून बसते, व्हॅक्यूम लावलात तर जास्तच. म्हणून प्राइमर-लॅकर हे दिसण्यापुरतं नाही, भोकं बंद करणं हेही त्याचंच काम आहे. जमलं तर मास्टर जास्त भिंती देऊन प्रिंट करा.

रेझिन प्रिंटरवरून काढलेल्या मास्टरवर सिलिकॉन चिकटच राहिलं, सेट झालं नाही. काय चुकलं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा लांब उत्तर.

प्लॅटिनम सिलिकॉनमधला प्लॅटिनम उत्प्रेरक काही रसायनांनी बंद पडतो. गंधक, टिनची संयुगं, अमाइन आणि यूव्ही रेझिनमधले (रेझिन प्रिंटरचं, यूव्ही उजेडात घट्ट होणारं द्रव) अर्धवट राहिलेले घटक ही मुख्य मंडळी. मग होतं असं की मोल्ड बाहेरून मस्त रबरासारखा लागतो आणि पार्टला चिकटलेला एक पातळ थर मात्र ओशट, चिकट, बोटाला तार धरणारा राहतो. तो थर कितीही थांबलात, कितीही गरम केलात तरी सेट होत नाही. तेवढा मोल्ड गेलाच समजा. मास्टर आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसून, खरवडून साफ करायचा आणि परत सुरुवात.

रेझिन प्रिंट वापरायचाच असेल तर आयपीएमध्ये दोनदा धुवा, दुसऱ्यांदा स्वच्छ आयपीए घ्या, पूर्ण वाळू द्या, यूव्हीखाली नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ ठेवा आणि सगळ्या बाजूंनी फिरवा, मग काही तास ६० अंशांच्या आसपास गरम ठेवा आणि वरून ॲक्रिलिक क्लिअर लॅकरचे दोन-तीन हात मारा, खाचाखोचांतही. एवढं करूनही खात्री धरू नका, टेस्ट करा. टेस्ट म्हणजे काय तर चमचाभर सिलिकॉन मिसळून पार्टच्या न दिसणाऱ्या जागी, नाहीतर त्याच रेझिनच्या तशाच प्रोसेस केलेल्या तुकड्यावर एक थेंब लावायचा आणि पूर्ण सेट टाइम थांबून उचलून बघायचं. खालची बाजू कोरडी निघाली तरच पुढे जा. एका थेंबाची टेस्ट टाळून डबाभर सिलिकॉन घालवणं हे बघवत नाही म्हणून एवढं कळकळीने सांगतोय.

आणि दोष नेहमी प्रिंटचाच असतो असं नाही. लेटेक्सचे हातमोजे घालून मिसळलं तरी हेच होतं, म्हणून सिलिकॉनला व्हिनाइलचे मोजे. मातीत म्हणजे मॉडेलिंग क्लेमध्ये गंधक असलं तरी हेच. आधी टिन सिलिकॉनसाठी वापरलेला डबा, काडी, ब्रश परत वापरला तरी हेच. वैताग नको असेल तर रेझिन प्रिंटच्या मास्टरला टिन सिलिकॉन घ्या, ते या बाबतीत बरंच सोशिक आहे.

मोल्ड एकाच तुकड्यात होईल की दोन भाग करावे लागतील?

पार्टची एक बाजू सपाट असेल (बिल्ला, नावाची पट्टी, टाइल) तर उघडा मोल्ड, विषय संपला. सपाट बाजू खोक्याच्या तळाला चिकटवा, वरून ओता, सेट झाल्यावर उलटा करा.

सगळ्या बाजूंनी आकार असेल तर दोन रस्ते. पहिला म्हणजे एकाच ठोकळ्यात ओतून नंतर ब्लेडने कापायचं. यासाठी अर्धपारदर्शक सिलिकॉन घ्या म्हणजे आत पार्ट कुठे आहे ते दिसतं. कापताना सरळ रेषेत कापू नका, ब्लेड नागमोडी फिरवत जा, त्या वळणांमुळे दोन्ही बाजू परत नेमक्या जागी बसतात. पूर्ण दोन तुकडे करायची गरजही नसते, पार्ट बाहेर येईल इतकाच काप पुरतो आणि खालचा जोड राहिला तर मोल्ड आपोआप जुळतो. छोट्या गोष्टींना मला हाच प्रकार जास्त आवडतो, वेळ निम्मा लागतो.

दुसरा रस्ता म्हणजे रीतसर दोन भागांचा मोल्ड. मास्टर अर्ध्यापर्यंत क्लेमध्ये बसवायचा, क्ले पार्टच्या कडेला अगदी काटकोनात टेकेल अशी सारखी करायची, कारण तिथे फट राहिली तर कॉपीवर तेवढी जाड शिवण येते. ब्रशच्या गोल टोकाने क्लेमध्ये चार-पाच खळगे पाडायचे, ते दोन भागांचे लॉक. भोवती भिंती उभ्या करून पहिला भाग ओतायचा. सेट झाल्यावर सगळं उलटं करून क्ले काढायची, पण मास्टर पहिल्या भागातून अजिबात उचलायचा नाही. उचलून परत ठेवलात तर तो आधीसारखा बसत नाही, खालून सिलिकॉन शिरतं आणि सगळी मेहनत वाया. मग उघड्या सिलिकॉनवर रिलीज (चिकटू न देणारा थर) लावायचं आणि दुसरा भाग ओतायचा.

पार्टिंग लाइन (मोल्डचे दोन भाग मिळतात ती रेष) कुठे घ्यायची हे आधी ठरवा. कडा, कोपरा, दोन रंग जिथे मिळतात ती जागा, म्हणजे शिवण दिसली तरी खटकणार नाही अशी. चेहरा असलेल्या आकृतीत ती नाकावरून नेऊ नका, कानामागून न्या.

रिलीज लागतंच का? सिलिकॉनला तर काहीच चिकटत नाही म्हणतात.

सिलिकॉनला सिलिकॉन चिकटतं, आणि असं चिकटतं की एकच ठोकळा होतो. त्यामुळे दोन भागांच्या मधे रिलीज लागतंच लागतं. स्प्रे मिळतो, नाहीतर पेट्रोलियम जेली ब्रशने अगदी पातळ लावा, जाड लावली तर ब्रशच्या रेघा मोल्डवर उमटतात. प्रिंटवर बहुतेक वेळा काही लागत नाही. काचेवर मात्र काही सिलिकॉन घट्ट धरतात, तळाला काच घेतली असेल तर तिलाही लावा.

खोका कशाचा करायचा?

सनबोर्ड आणि ग्लू गन, लेगोचे ठोकळे, ॲक्रिलिकच्या पट्ट्या, पातळ प्रिंट केलेल्या भिंती, काहीही. पार्टपासून भिंत सगळीकडून ८ ते १० मिमी लांब हवी आणि वर-खालीही तेवढीच जाडी. सांधे नीट बंद करा, सिलिकॉन सावकाश वाहतं पण तासन्‌तास वाहतं, केसाएवढी फट असली तरी टेबलावर पसरतं.

मास्टर तळाला पक्का चिकटवायला विसरू नका. पोकळ प्रिंट सिलिकॉनमध्ये तरंगतो.

सिलिकॉन किती लागेल हे आधी कसं कळणार?

खोक्याचं घनमाप काढा, त्यातून पार्टचं वजा करा. पार्टचं घनमाप स्लायसरमध्ये (प्रिंटची फाइल तयार करणारं सॉफ्टवेअर) किंवा कॅडमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) मिळतं, फक्त मॉडेलचं बघा, इनफिलसकट (आतली जाळी) लागणाऱ्या फिलामेंटचं नको. समजा खोका आतून ६ बाय ५ बाय ४ सेंमी, म्हणजे १२० घन सेंमी, पार्ट १८, उरले १०२. सिलिकॉनची घनता बहुतेक १.१ च्या आसपास असते, म्हणजे ११२ ग्रॅम, आणि डब्याला चिकटून राहतं म्हणून दहा टक्के वाढवून १२५ ग्रॅम धरा. १०:१ प्रमाण असेल तर ११४ ग्रॅम बेस (मूळ सिलिकॉन) आणि ११.४ ग्रॅम हार्डनर (ते सेट करणारा भाग). ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा हवाच, अंदाजाने टाकू नका. टिनमध्ये लवकर व्हावं म्हणून हार्डनर जास्त टाकायची सवय काहींना असते, सेट होतं लवकर पण आकसतंही जास्त आणि मोल्डचं आयुष्य कमी होतं.

मिसळलेलं सिलिकॉन बुडबुड्यांनी भरलेलं असतं. व्हॅक्यूम नसेल तर काय?

व्हॅक्यूमशिवाय चांगला मोल्ड होतो, घाई नसेल तर. पॉट लाइफ (मिसळल्यावर ओतण्याजोगं राहतं तो वेळ) ३०-४० मिनिटांचं घ्या म्हणजे हवेला वर यायला वेळ मिळतो. डब्याच्या कडा आणि तळ खरवडत सावकाश मिसळा, फेटू नका, आणि मिसळून झालं की दुसऱ्या स्वच्छ डब्यात ओतून परत एकदा मिसळा, कारण पहिल्या डब्याच्या कोपऱ्यात नेहमी थोडं कच्चं राहतं. मग मास्टरवर ब्रशने एक पातळ थर लावून घ्या, अक्षरांत, भोकांत, कोपऱ्यांत नीट घुसवा, फुंकर मारून बुडबुडे फोडा.

आता ओतणं. डबा हात-दीड हात वर धरा आणि खोक्याच्या एकाच कोपऱ्यात मधासारखी बारीक धार सोडा, पार्टवर कधीच नाही. धार जितकी बारीक तितके बुडबुडे ताणून फुटतात. सिलिकॉन तळाशी पसरत पार्टच्या कडेला येतं, क्षणभर थांबतं, मग हळूच वर चढून एकेक अक्षर भरत जातं आणि हवेला पुढे ढकलत नेतं. हे होताना बघत राहा, एखाद्या खाचेवरून ते उडी मारून गेलं आणि खाली हवा अडकली असं दिसलं तर तिथे काडीच्या टोकाने डिवचा. पार्ट बुडाला की बाकीचं भरभर ओतलं तरी चालतं.

व्हॅक्यूम चेंबर असेल तर डबा मोठा घ्या, सिलिकॉन तीन-चार पट फुगून वर येतं आणि मग धपकन खाली बसतं, बसल्यावर अजून मिनिट-दोन मिनिटं ठेवा आणि हवा सावकाश आत सोडा.

सेट व्हायला किती वेळ?

डब्यावर लिहिलं असेल तेवढा, चार तास ते चोवीस तास. थंडीत जास्त लागतो. प्लॅटिनमला थोडी ऊब दिली तर वेळ खूप कमी होतो पण मास्टर पीएलएचा (एफडीएमचं नेहमीचं प्लॅस्टिक) असेल तर ५० अंशांच्या वर जाऊ नका, पीएलए ६० च्या आसपास मऊ पडतो आणि मोल्डच्या आतच वाकतो. टिन सिलिकॉन गरम करून फायदा नाही, त्याला हवेतली आर्द्रता लागते. टिनचा मोल्ड मास्टर काढल्यावर एक दिवस उघडा ठेवा मगच रेझिन ओता, आतलं उरलेलं अल्कोहोल निघून गेलं नाही तर पहिल्या कॉप्या चिकट येतात.

क्लेचा पसारा नको, सरळ मोल्डचा खोका कॅडमध्ये करून प्रिंट केला तर?

फार छान पद्धत आहे आणि प्रिंटर असलेल्यांनी तर हीच शिकावी. कॅडमध्ये पार्ट मधोमध कापायचा, प्रत्येक अर्धा एका ट्रेच्या तळाला जोडायचा, एका ट्रेत खुंट्या आणि दुसऱ्यात तेवढेच खळगे द्यायचे, ओतायची वाट आणि हवा जायच्या नळ्याही तिथेच काढायच्या. दोन ट्रे प्रिंट करा, दोन्हींत सिलिकॉन ओता, दोन्ही भाग एकदम तयार, मधे रिलीजची सुद्धा गरज नाही. ट्रेतली खुंटी ट्रेतल्या खळग्यापेक्षा ०.१-०.२ मिमी मोठी ठेवा, म्हणजे सिलिकॉनमधला खळगा सिलिकॉनच्या खुंटीपेक्षा तेवढा मोठा येतो, आणि ट्रेच्या भिंतींना दोन-तीन अंश उतार द्या म्हणजे सिलिकॉन सहज निघतं. अडचण एकच, ट्रेमध्ये बसलेला पार्ट घासायला हात पोचत नाही. त्यामुळे पृष्ठभाग महत्त्वाचा असेल तर मास्टर वेगळा प्रिंट करून, घासून मग ट्रेत चिकटवा.

ओतायचं भोक आणि व्हेंट कुठे द्यायचे?

ओतायचं भोक पार्टच्या जाड, न दिसणाऱ्या जागी, ५-६ मिमीचं. व्हेंट (हवा जायची नळी) प्रत्येक उंच टोकाला, १-२ मिमी पुरे. मोल्ड ओतताना ज्या स्थितीत उभा असेल त्या स्थितीत डोळ्यांसमोर आणा आणि स्वतःला विचारा की हवा कुठे जाऊन अडकेल. जिथे अडकेल तिथे व्हेंट. व्हेंट कमी पडला तर नंतर ब्लेडने कापून काढता येतो, म्हणून आधीच चाळणी करून ठेवू नका.

ओतायला कोणतं रेझिन?

कडक छोट्या पार्टना पॉलियुरेथेन म्हणजे पीयू. पाण्यासारखं पातळ असतं, बारीक जागी जातं, दोन भाग बहुतेक समप्रमाणात, आणि बऱ्याच पीयूमध्ये दोन ते पाच मिनिटांत घट्ट व्हायला लागतं, अर्ध्या तासाच्या आत कॉपी हातात. रबरी पार्टना मऊ पीयू मिळतं. पारदर्शक हवं असेल आणि थांबायची तयारी असेल तर इपॉक्सी, चोवीस तास लागतात पण हवा निघायला वेळ मिळतो. पॉलिएस्टर रेझिनचा वास उग्र, ते आकसतंही जास्त आणि मोल्ड लवकर खातं, छोट्या पार्टना मी सुचवणार नाही.

पीयूची एक खूण सांगतो. ते पारदर्शक असतं आणि बघता बघता पांढरं होतं, आधी जाड भागात, मग कडेकडेला. आपली उष्णता तेच तयार करतं, म्हणून जाड भाग आधी तापून आधी सेट होतो आणि पातळ टोकं सगळ्यात शेवटी. ओतायच्या भोकातलं रेझिन नखाला कडक लागलं म्हणून मोल्ड उघडू नका, पातळ क्लिप अजून आत रबरासारखी असेल आणि काढताना वाकेल, आणि वाकली तर तशीच कायमची राहील.

पीयू फसफसून फेस आला, पार्ट स्पंजासारखा झाला. का?

पाणी. पीयूमधला आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावला की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच तो फेस. पाणी कुठून आलं बघा: कागदी कप, लाकडी काडी, धुतलेला आणि नीट न वाळलेला मोल्ड, पाण्यात विरघळणारा ॲक्रिलिक रंग, किंवा आधी उघडून नुसतं झाकण ठेवलेली बाटली. प्लॅस्टिकचे कप आणि काड्या वापरा, मोल्ड ओतण्याआधी थोडा कोमट करून घ्या, रंग पीयूसाठीचेच घ्या, आणि बाटली उघडी ठेवू नका, जमलं तर कोरडा वायू मारून बंद करा. पावसाळी दमट हवेत उघडलेली बाटली लवकर संपवा.

कॉपीच्या कोपऱ्यांत आणि कडांवर बारीक भोकं येतात.

हवा चिकटून बसते. मोल्डला आतून टाल्कम पावडर ब्रशने लावा आणि जास्तीची झटकून टाका, रेझिन त्या पावडरवरून कोपऱ्यात ओढलं जातं. थोडंसं रेझिन आधी ओतून मोल्ड तिरपा करत सगळीकडे फिरवा, मग भरा. भरताना मोल्ड एका बाजूला कलता ठेवा आणि भरून झालं की टेबलावर हलके ठोका, दाबून सोडा.

एवढं करून राहिले तर प्रेशर पॉट, म्हणजे मोल्ड आत ठेवून हवेचा दाब द्यायचं बंद भांडं. ४ बार लावलं की आतला एकूण दाब हवेच्या पाचपट होतो आणि बुडबुड्याचं घनमाप पाचव्या भागावर येतं, बारीकसारीक तर दिसतच नाहीत. पण मोल्ड दाबाविना सेट केला असेल आणि सिलिकॉनमध्येच बुडबुडे असतील तर दाबाखाली ते आक्रसतात, तिथे मोल्डला खळगा पडतो आणि कॉपीवर पुटकुळी येते. म्हणून दाबाखाली ओतायचं असेल तर मोल्डही त्याच दाबाखाली सेट करा. आणि पॉट दाबासाठीच बनवलेला, सेफ्टी व्हॉल्व्ह असलेला हवा. कुठल्याही बंद भांड्याला कॉम्प्रेसर जोडणं जिवावर बेतू शकतं, हे कृपया करू नका.

कॉपी मूळ पार्टपेक्षा किंचित लहान येते. फिटिंग बसत नाही.

येणारच, थोडं सिलिकॉन आकसतं, थोडं रेझिन. दोन्ही मिळून अर्धा टक्का धरला तर ४० मिमीला ०.२ मिमी, शोपीसला काही फरक नाही पण प्रेस फिटला (दाबून घट्ट बसवायच्या पार्टला) आहे. पहिली कॉपी व्हर्निअरने मोजा, फरक काढा आणि मास्टर तेवढा मोठा करून परत प्रिंट करा, प्रिंटर असल्याचा हा सगळ्यात मोठा फायदा. बेअरिंगची, स्क्रूची भोकं शक्यतो लहान ठेवून नंतर ड्रिल करा. आणि कॉपीवरून दुसरा मोल्ड काढू नका, आकसणं परत एकदा वाढतं आणि आधीची प्रत्येक खोट सोबत येते. मास्टर जपून ठेवा.

एका मोल्डमधून किती नग निघतात?

पीयूचे वीस-तीस सहज, साधा आकार आणि रिलीज वापरलं तर त्याहून बरेच जास्त. रेझिन हळूहळू सिलिकॉनमधलं तेल शोषतं, आतला पृष्ठभाग आधी मंद पडतो, मग रेझिन चिकटायला लागतं, मग पातळ जागी फाटतं. कॉपी चिकटायला लागली की नवीन मोल्ड करा, ओढाताण करू नका. दोन ओतकामांत मोल्ड गार होऊ द्या. ठेवताना सपाट जागी, उन्हापासून लांब, आणि आत शेवटची कॉपी ठेवूनच, म्हणजे आकार बिघडत नाही.

बाथरूमच्या सिलिकॉन सीलंटने मोल्ड होतो का?

होतो, ओबडधोबड कामाला. कॉर्नफ्लोर मिसळून मळायचं, कारण ते सीलंट ओलाव्याने सेट होतं आणि नुसता जाड थर आतून दिवसेंदिवस ओला राहतो. व्हिनेगरसारखा उग्र वास येतो, खिडकी उघडी ठेवा. बारीक नक्षी, माप, हे विसरा.

त्यात चॉकलेट किंवा मेण ओतलं तर? धातू?

मेण आणि प्लास्टर बिनधास्त. खायच्या वस्तूसाठी फूड ग्रेड लिहिलेलं प्लॅटिनम सिलिकॉनच, आणि त्या मोल्डमध्ये आधी कधीच रेझिन ओतलेलं नसावं. रेझिन प्रिंटचा मास्टर यासाठी वापरू नका. धातूंमध्ये कमी तापमानाला वितळणारे कथिलाचे मिश्रधातू जमतात, पण त्यासाठी उष्णता सोसणारं खास सिलिकॉन लागतं, मोल्ड पूर्ण कोरडा हवा, आणि शिसं किंवा कॅडमियम असलेले मिश्रधातू घरात वितळवायचेच नाहीत.

हे सगळं कितपत धोक्याचं आहे?

सिलिकॉन स्वतः फारसं त्रासदायक नाही. रेझिन आहे. पीयूच्या आयसोसायनेटची वाफ श्वासात जाऊन दम्यासारखा त्रास सुरू होऊ शकतो आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे थोड्या प्रमाणातही त्रास होतो. इपॉक्सीने तसंच त्वचेचं होतं. नायट्राइलचे मोजे, चष्मा, मोकळी हवा, ऑरगॅनिक व्हेपरचा मास्क. कॉपी घासताना धूळ उडते तेव्हाही मास्क, नाहीतर पाण्याबरोबर घासा. उरलेलं रेझिन बेसिनमध्ये ओतू नका, कपातच सेट होऊ द्या आणि मग टाका.

दुसऱ्याने डिझाइन केलेला पार्ट कॉपी करून विकला तर?

फाइल फुकट मिळाली म्हणजे विकायची परवानगी मिळाली असं नसतं. लायसन्स वाचा, नाहीतर विचारा. बहुतेक डिझायनर विचारलं की नीट उत्तर देतात.

जुने मोल्ड आणि उरलेलं सिलिकॉन फेकून द्यायचं का?

अजिबात नाही. स्वच्छ जुना मोल्ड एक-एक सेंमीचे तुकडे करून ठेवा. खोका मोठा असेल तर नवीन मोल्ड ओतताना पार्ट पूर्ण बुडाला की वरच्या आणि कडेच्या जागेत हे तुकडे टाका, नवीन सिलिकॉन त्यांना पक्कं धरतं आणि खर्च बराच वाचतो. पार्टपासून निदान सेंमीभर लांब ठेवा, नाहीतर दाब दिल्यावर मऊ-कडक फरक कॉपीवर दिसतो. आणि प्लॅटिनमच्या मोल्डमध्ये टिनचे तुकडे टाकू नका, त्यांच्याभोवतीचं सिलिकॉन सेट होणार नाही. दोन्हींचे तुकडे वेगळ्या डब्यांत, डब्यावर नाव लिहून.